तीन बटा सातचं फूल

हिरूने एकतीस वर्षं रूळ तपासले. आता तो कुंड्या तपासतो. दोन्हींत फरक काय, असं विचारलं तर सांगतो, "कुंड्यांवरून गाडी जात नाही. बाकी काम तेच."

रेल्वेत तो चावीवाला होता. रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या चाव्या गाड्यांच्या धक्क्याने ढिल्या होतात. त्या हातोड्याने ठोकून बसवायच्या, हे चावीवाल्याचं काम. घोलवडपासून चिखल्याच्या पुढपर्यंतची बीट त्याच्याकडे होती. जाताना एक रूळ, येताना दुसरा. रोज, पायी. एकही चावी सोडायची नाही आणि संध्याकाळी मुकादमाला रिपोर्ट द्यायचा: इतक्या ढिल्या होत्या, इतक्या बसवल्या, एक मिळाली नाही. मिळाली नाही तर मिळाली नाही असंच म्हणायचं. "रुळाला वाचता येत नाही," हिरू सांगायचा. "रिपोर्टात काहीही लिहा, ढिला असेल तर तो ढिलाच राहतो."

रिटायर होऊन तो तलासरी तालुक्यात, उधव्याच्या पुढे आपल्या पाड्यावर परत आला. थोडा भात, थोडी नागली, घराभोवती आंब्याची तीन झाडं. दोन महिन्यांत त्याने बांध सरळ केले, गोठ्याचं छप्पर शाकारलं, विहिरीची पायरी बसवली. मग करायला काही उरलं नाही आणि तो यमुनेच्या स्वयंपाकघरात तपासणी करू लागला. यमुना म्हणजे त्याची बायको. डब्यांची झाकणं नीट बसत नाहीत असा रिपोर्ट त्याने दिला, त्या दिवशी तिने त्याला हाताला धरून बाहेर काढलं.

त्याच सुमारास दीप्ती मॅडमची झाडं आली, म्हणून संसार वाचला.

दीप्ती मॅडम डहाणू रोडला शाळेत शिकवतात. त्यांचे यजमान यतीन साहेब स्टेशनवर बुकिंग क्लार्क. मॅडमना विचित्र झाडांचा नाद. गुलाब-मोगरा नाही. मखमलीसारखं पान असलेलं, पानाला आपोआप भोकं पडलेलं, वटवाघळासारखं काळं फूल येणारं, मातीत न लावता फळीला बांधून टांगायचं, असं काहीतरी. केरळातून, आसामातून कुरियरने यायचं, आणि मॅडमच्या गच्चीत माया लागून मरायचं. माया म्हणजे पाणी. सकाळी मॅडम पाणी घालायच्या, दुपारी बाई आली की ती घालायची, संध्याकाळी यतीन साहेब, बायकोला बरं वाटावं म्हणून.

एकदा असंच एक मरायला टेकलेलं झाड साहेबांच्या टेबलाखाली होतं. पेन्शनच्या कागदासाठी स्टेशनवर गेलेल्या हिरूने ते पाहिलं. कुंडी उचलली, आडवी केली, अंगठ्याने खालचं भोक चाचपलं.

"साहेब, पाणी तुंबलंय. खडी नाही खाली."

"कुंडीत खडी?"

"रुळाखाली खडी कशाला टाकतात? पाणी जायला. चिखलात स्लीपर बसत नाही, मग मूळ कसं बसेल?"

ते झाड त्याने घरी नेलं. खडी चाळली, बारीक वेगळी, मध्यम वेगळी. कोळशाचे तुकडे, नारळाचा काथ्या, थोडंसं कुजलेलं पान. माती मूठभर. दीड महिन्याने झाड परत नेऊन दिलं तेव्हा त्याला दोन नवी पानं होती. तेव्हापासून मॅडम आजारी झाडं उधव्याच्या जीपने पाठवतात. डहाणूचा ड्रायव्हर विनोद कुंडी पुढच्या सीटवर ठेवतो आणि माणसाला मागे बसवतो.

बरी झालेली झाडं मॅडम परत नेतात, पण प्रत्येकाचा एक फुटवा हिरूला ठेवतात. असं करत आंब्याखाली चार ओळी झाल्या. नावं इंग्रजी, जिभेवर बसत नाहीत, म्हणून हिरूने रेल्वेच्या खांबांसारखे आकडे दिले. पहिला आकडा ओळीचा, दुसरा कुंडीचा. वटवाघूळ एक बटा पाच, मखमल दोन बटा दोन. रोज सकाळी सातला हिरू पहिल्या कुंडीपासून निघतो, प्रत्येक कुंडीला बोटाने टकटक करतो, आवाज ऐकतो. भरीव आला तर पाणी नाही. पोकळ आला तर अर्धा लोटा. शेवटच्या कुंडीपर्यंत जातो आणि परत येताना पानांची खालची बाजू बघतो.

यमुनेने पहिल्या वर्षी एवढंच विचारलं होतं, "हे खायला चालतं?"

"नाही."

"पूजेला?"

"नाही."

"गुरं खातात?"

"नाही."

"मग याचं करायचं काय?"

हिरूने बराच विचार केला. "बघायचं," म्हणाला. यमुनेने शेजारच्या चैत्याला तो किस्सा सांगितला आणि चैत्याने तो पूर्ण पाड्याला.

यातली तीन बटा सात ही कुंडी वेगळी. तिच्यात कंद होता. पाच वर्षांपूर्वी मॅडमनी तो मागवला, तेव्हा मोठ्या कांद्याएवढा. गच्चीत दोन वर्षांत तो लिंबाएवढा झाला. मग हिरूकडे आला. इथे दर पावसात त्याला एकच पान यायचं. दांडा सापासारखा ठिपक्याठिपक्यांचा, वर छत्री. दिवाळीनंतर पान पडायचं, कंद झोपायचा. यंदा मे महिन्यात हिरूने कंद काढून दुकानातल्या काट्यावर ठेवला. दोन किलो तीनशे ग्रॅम.

त्याने फोन केला. मॅडमनी पुस्तकात बघितलं आणि त्यांचा आवाज बदलला.

"हिरूभाऊ, एवढा कंद म्हणजे यंदा फूल येऊ शकतं. काळं-जांभळं, कमरेएवढं. दोन-तीन दिवसच उघडं राहतं."

"वास?"

"मेलेल्या उंदरासारखा."

मागून यतीन साहेबांचा आवाज आला, "आमच्या घरी उंदीर मेला तर नाकाला रुमाल. हिरूकडे मेला तर सहल."

सहल खरीच ठरली. मॅडमचा फोनवर एक ग्रुप आहे, वापीपासून वसईपर्यंतच्या झाडवेड्यांचा. बावीस जण. मॅडमची झाडं मरतात हे त्या बावीस जणांना ठाऊक होतं आणि ते तसं गोड शब्दांत लिहायचे. मॅडमनी लिहून टाकलं: फूल येणार आहे, कळी दिसली की कळवते, सगळ्यांनी यायचं.

"येईल ना हिरूभाऊ?" त्यांनी विचारलं.

"माझ्याकडे आहे म्हटल्यावर काळजी नाही," हिरू म्हणाला. असं वाक्य त्याने एकतीस वर्षांत मुकादमाला एकदाही म्हटलं नव्हतं. तिथेच चूक झाली.

कंदाला कुंडी अपुरी म्हणून त्याने तो जमिनीत लावला, कुंपणाशी, बांबूच्या सावलीत. हातभर खड्डा, खाली वीतभर खडी. बाजूला दगड रोवला, चुना लावला, वर ३/७ लिहिलं. मग यमुनेला जागेवर नेऊन सूचना दिल्या.

"इथे पान येईल. ठिपक्यांचा दांडा, वर छत्री. तीन वर्षं बघतेस. मग फूल. पानाला हात लावायचा नाही. पान दिसलं की मला सांगायचं."

"पान दिसलं की सांगायचं," यमुना म्हणाली. "बरं."

दुसऱ्या आठवड्यात हिरूच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि बजावलं: आठ दिवस वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, ओझं उचलायचं नाही. हिरूने विचारलं, टकटक चालेल का. डॉक्टरांना प्रश्न कळला नाही, म्हणून त्यांनी नाही म्हटलं.

मग हिरू ओट्यावर खाटेवर बसून बीट करू लागला. तो आकडा पुकारायचा, यमुना झाडांतून उत्तर द्यायची.

"एक बटा एक?"

"आहे."

"आवाज?"

"कुंडीचा येतो तसाच."

"भरीव की पोकळ?"

"तुमच्यासारखा. भरीव वाटतो."

चैत्या बिडी घेऊन हे ऐकायला रोज येऊन बसे. काळ्या चष्म्याकडे बघत म्हणे, "हिरू, टीसी झाल्यासारखा दिसतोस. तिकीट काढू का बसायला?"

"तीन बटा सात?" हिरू पुढे पुकारी.

"पान नाही."

"नीट बघितलंस?"

"पान नाही म्हटलं ना."

आठही दिवस हा रिपोर्ट असाच आला आणि आठही दिवस तो खरा होता.

जूनचा पहिला आठवडा. या दिवसांत रानात आणि कुंपणाच्या कडेला शेवळं येतात. सुरणाच्या जातीचंच हे, पण जंगली. ओली जमीन फोडून जांभळट कोंब सरळ वर येतो. तो उघडायच्या आत काढायचा, उघडला की खाण्यात मजा नाही आणि वासही येतो. वरचं साल सोलायचं, आतला पिवळा दाणेदार भाग टाकून द्यायचा, घशाला खाज सुटू नये म्हणून काकडाची आंबट फळं घालायची, आणि वरोरहून येणाऱ्या मासेवाल्या मावशीकडचा सुका जवळा असेल तर तोही. वर्षात आठ-दहा दिवस मिळतात. हिरूला शेवळांपुढे दुसरं काही सुचत नाही. आणि त्यातही त्याचा नियम आहे. "उघडलेलं एकही आणायचं नाही," तो दरवर्षी सांगतो. "आणि कुंपणाच्या आतलं एकही सोडायचं नाही. सोडलं की उद्या उघडतं. फुकट जातं."

सहाव्या दिवशी यमुनेने शेवळं केली. काळा चष्मा लावलेला हिरू पानावर बसला. एक भाकरी खाल्ली, दुसरी घेतली.

"यंदा जाड आहेत," तो म्हणाला.

"एक तर मनगटाएवढं होतं. एकट्याचीच अर्धी भाजी झाली."

"कुठलं?"

"कुंपणाकडचं."

"चव चांगली आहे. जरा खवखवतं, पण चव आहे. वाढ अजून."

तिने वाढलं. चैत्यालाही वाटीभर दिलं. चैत्याने वाटी पुसून परत केली.

नवव्या दिवशी चष्मा निघाला. सकाळी सातला हिरू पहिल्या कुंडीपासून निघाला. तिसरी ओळ झाली. कुंपणाशी आला. दगड जागेवर होता, चुना जागेवर होता. दगडापासून वीतभर अंतरावर जमिनीलगत एक बुंधा होता, सव्वादोन इंच जाड, विळ्याने एका घावात तिरका कापलेला. घाव स्वच्छ होता. हिरूने आधी घावच बघितला, सवयीने, आणि कापणाऱ्याला मनात शाबासकी दिली. मग त्याला कळलं.

तो खाली बसला. वाकायला परवानगी मिळून तासही झाला नव्हता.

शेवळाला आधी फूल येतं. ते संपलं की मग पान. पाच वर्षांचा असल्यापासून त्याला हे माहीत होतं. पाड्यावरच्या शेळ्यांनासुद्धा माहीत होतं. मॅडमचा कंद त्याच गोतातला, हेही त्याने पहिल्याच वर्षी ठिपके बघून ओळखलं होतं. पण तो कुरियरने आला होता, त्याला इंग्रजी नाव होतं, पुस्तक होतं, बावीस माणसांचा ग्रुप होता. अशा झाडाला इथला नियम लागू असेल, असं त्याच्या डोक्यातच आलं नाही. आणि तीन वर्षं नुसतं पान आलं, म्हणून चौथ्या वर्षीही आधी पानच येणार, हा हिशेब त्याने खडी चाळून, खड्डा मोजून, दगडाला चुना लावून पक्का केला होता.

यमुना पाण्याची घागर घेऊन जात होती.

"हे कोणी कापलं?"

"मी."

"का?"

"शेवळ होतं."

"ते शेवळ नव्हतं."

"मग परत मागून का घेतलंत?"

यमुनेने घागर खाली ठेवली, दगडाकडे बघितलं, बुंध्याकडे बघितलं. तिचाही चेहरा उतरला.

"मॅडमचं होतं?"

"हं."

"तुम्ही म्हणालात पान येईल. मी रोज पान बघत होते. पान आलं असतं तर मी कोंबड्यासुद्धा तिकडे फिरकू दिल्या नसत्या."

यात खोट काढायला जागा नव्हती. हिरूने शोधली, सवयीप्रमाणे दोन्ही बाजूंनी, पण सापडली नाही.

चैत्या आला. त्याला सगळं सांगावं लागलं. तो हसला नाही, हे विशेष. त्याने आधी पोटावर हात ठेवला.

"म्हणजे ते मीपण खाल्लं?"

"वाटीभर."

"मॅडमनी पाच वर्षं वाट बघितली ते?"

"तेच."

आता तो हसला. हसून झाल्यावर बाजूला बसला आणि कामाचं बोलला. "रानडुकराने खाल्लं म्हणून सांग. डुकराला विचारायला कोण जातंय?"

हिरूने चहा हळूहळू संपवला. एकतीस वर्षांत त्याने चहा संपेपर्यंत विचार करावा असा रिपोर्ट आला नव्हता. डुक्कर सोयीचं होतं. मॅडमना हळहळ वाटली असती, हिरूचं नाव राहिलं असतं, आंब्याखालच्या चार ओळी राहिल्या असत्या. खरं सांगितलं तर मॅडम उद्यापासून झाडं दुसरीकडे पाठवतील. मग सातला उठून तपासायचं काय? परत डब्यांची झाकणं?

"मला डुक्कर म्हणायचं नाही," यमुना आतून म्हणाली. "चैत्यालाही नाही. त्याने वाटी पुसून दिली होती."

हिरू उठला. उकिरड्यावर जाऊन काठीने उकरलं. फुलाच्या आतला तो पिवळा दाणेदार दांडा यमुनेने टाकला होता, तो मिळाला. सुकलेला, पण ओळखू येत होता. पुराव्याशिवाय रिपोर्ट नको. त्याने तो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि विनोदच्या जीपमध्ये बसला. त्याच्या हातात कुंडी नाही, पुडी आहे, हे बघून विनोदने त्याला मागे बसवलं.

डहाणू रोडला रविवार होता. दीप्ती मॅडमनी दार उघडलं आणि त्याच्या हाताकडे बघितलं.

"कळी दिसली?"

"दिसली," हिरू म्हणाला. "मला नाही. यमुनेला." पुडी टेबलावर ठेवून उघडली आणि उभ्यानेच रिपोर्ट दिला. कंद कधी लावला, किती खोल. सूचना काय दिली, ती कुठे चुकली. कोंब सहाव्या दिवशी कापला. बुंधा सव्वादोन इंच. उंची वीत आणि चार बोटं. खाणारे तीन, त्यांत तो स्वतः, दोनदा वाढून घेऊन. कंद शाबूत आहे, खोदून बघितला. "चूक माझी," तो शेवटी म्हणाला. "यमुनेने सांगितलं तेच केलं. म्हणाल तर कंद उद्या परत आणून देतो. कुंड्याही."

मॅडम खुर्चीत बसल्या. तो सुकलेला दांडा बोटाने हलवून बघितला. आतून यतीन साहेब आले, पुडीत डोकावले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, बायकोकडे बघून मिटलं.

"पाच वर्षं," मॅडम म्हणाल्या.

"हो."

"मी त्या बावीस जणांना काय सांगू?"

"झालं ते."

"फूल खाल्लं, असं?"

हिरूने मान हलवली. मॅडमनी फोन घेतला. लिहिलं, पुसलं. परत लिहिलं. त्यांचे डोळे भरले होते आणि हिरू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभा राहिला. मग त्यांनी एकदाचं पाठवलं आणि फोन टेबलावर उलटा ठेवला. तो लगेच वाजला. परत वाजला. वाजतच राहिला. यतीन साहेबांना राहवेना, त्यांनी उचलून बघितलं.

"उंबरगावचे नविनभाई विचारतायत, काकडं घातली होती का."

"घातली होती," हिरू म्हणाला. "साताठ."

"वसईच्या दक्षाबेन म्हणतायत, त्यांच्या सासूने मागे काहीतरी असंच कापलं होतं, त्या आजवर कोणाला बोलल्या नव्हत्या." साहेबांनी पुढे वाचलं. "आणि हे एक गृहस्थ विचारतायत, सहल आहे ना? जेवायचं काय?"

मॅडमना हसू आलं. यायला नको होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं, म्हणून त्या आधी हिरूवर रागावल्या आणि मग हसल्या.

"कंद परत आणून कुठे ठेवू? या गच्चीत? इथे तो लिंबाएवढा झाला होता." त्यांनी डोळे पुसले. "तिथेच राहू द्या. सगळंच राहू द्या. पण एक अट. यापुढे तीन बटा सातचा रिपोर्ट यमुनाताईंनी द्यायचा. मला, फोनवर, थेट. तुम्ही फक्त पानाबद्दल विचारता."

हिरूला हे लागलं. पण रिपोर्ट बरोबर होता.

जुलैत पान आलं. आधीपेक्षा लहान, पण सरळ, ठिपक्यांचं. फुलाला आणखी दोन वर्षं तरी लागतील, असं मॅडमच्या पुस्तकात आहे. शेवळाचं कसं असतं ते हिरूला विचारायला आता पाड्यावर कोणी येत नाही. यमुनेला विचारतात. तिने दगडाशेजारी बांबूची काठी रोवून जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधली आहे. रेल्वेत लाल दिसलं की थांबायचं, एवढं तिलाही ठाऊक आहे.

सकाळी सातला हिरू बीटला निघतो. यमुना ओट्यावर तांदूळ निवडत बसते आणि आकडे ती पुकारते.

"तीन बटा सात?"

"पान आहे," तो कुंपणाकडून सांगतो.

"पानाशिवाय?"

"काही नाही."

"नीट बघितलंत?"

"काही नाही म्हटलं ना."

यमुना सूप खाली ठेवते आणि स्वतः बघायला जाते.